डॉक्टर आईला विचारतात आणि उत्तर मी देतो

रामबागकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आई आता घरी आहे, बरी आहे, म्हणून आज बसलो.

आईचं वय ७६. सगळं आयुष्य इंदूरच्या रामबागेत गेलं. हिंदी तिला छान येते, पण ती भाजीवाल्याशी आणि दूधवाल्याशी बोलायची. दुखणं ती मराठीतच सांगते. गेल्या वर्षी दसरा-दिवाळीच्या मधे तिचं खाणं कमी झालं, दोन जिने चढली की कठड्याला धरून उभी राहायची. ओळखीच्यांनी सुचवलेल्या एका दवाखान्यात घेऊन गेलो. नाव लिहीत नाही, कारण सांगायचंय ते एका दवाखान्याबद्दल नाही.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "माताजी को क्या तकलीफ़ है?" आई समोर बसलेली. तिने सुरुवात केली, "काय झालंय, गणपती उठले तेव्हापासून मला..." आणि मी तिला तोडलं. म्हटलं, "सर, कमज़ोरी बहुत है, खाना भी कम हो गया है." आईने पदर सारखा केला आणि गप्प बसली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं. लोहाच्या गोळ्या, टॉनिक, आणि "उमर का असर है".

दुसऱ्या खेपेलाही तेच. निघताना दाराशी चपला घालता घालता आई मला म्हणाली, "आणि रे, रात्री मला आडवं पडवत नाही, ते सांगायचंच राहिलं." तोवर पुढचा पेशंट आत गेला होता. मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगू.

पुढची वेळ आलीच नाही. अठरा-वीस दिवसांनी रात्री दोनला आवाज आला म्हणून उठलो. आई पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून, गुडघ्यांवर हात रोवून बसली होती. दर श्वासाला खांदे वर जात होते. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. हृदयाची पंपिंग कमी झालेली, फुप्फुसांत पाणी. इको, ऑक्सिजन, चार दिवस आयसीयू.

तिथे रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होती. आईला जरा आराम पडल्यावर ती पलंगाशी स्टूल ओढून बसली आणि तिने विचारलं, "दादी, रात को कितने तकिये लेती हो?" आईने तीन बोटं दाखवली. कधीपासून? आई म्हणाली, "दसऱ्याला दोन होत्या. दिवाळीपासून तीन."

अख्खी हकीकत तिच्याकडे सणावारांच्या तारखांसकट तयार होती. विचारलं कुणी नव्हतं, हे खरं. पण ती आपणहून सांगायला लागली तेव्हा तिचं तोंड मी बंद केलं, हे त्याहून खरं.

मला विचारायचंय ते हे. घरच्यांनी आत जाऊन किती बोलावं? मोठ्या माणसाला स्वतःचं स्वतः सांगू देण्यासाठी तुम्ही काय करता? आणि इथे डॉक्टर मंडळी असतील तर त्यांनीही लिहावं. मोकळेपणाने लिहा, मला वाईट वाटणार नाही.

नारायणबागेची लेक

वाचून पोटात गलबललं. आई आता कशा आहेत? मी पुण्यात असते, माझे बाबा इंदुरात. मी फोनवरून सगळं "सांभाळते". म्हणजे बाबा डॉक्टरांसमोर बसलेले असतात, फोन स्पीकरवर असतो आणि सगळं मीच बोलत असते. तुमचा धागा वाचेपर्यंत यात काही चुकतंय असं वाटलंच नव्हतं. आज फोन करून विचारलं, "बाबा, तुम्हाला डॉक्टरांशी काही बोलायचं असतं का?" ते म्हणाले, "असतं की. पण तू बोलत असतेस ना."

संध्याकाळचा दवाखाना

मी फॅमिली डॉक्टर आहे, इंदुरातच, तीस वर्षं झाली. रामबागकर, तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या आईंच्या उशांबद्दल. आडवं पडलं की दम लागणं आणि उशा वाढत जाणं ही हृदयाचा पंप थकल्याची फार जुनी, फार नेमकी खूण आहे. झोपल्यावर पायांकडचं रक्त छातीकडे परत येतं, थकलेल्या हृदयाला ते पुढे ढकलवत नाही आणि फुप्फुसांत पाणी साठतं. इकोचं मशीन यायच्या कितीतरी आधीपासून डॉक्टर "किती उशा?" हे विचारत आले आहेत. या प्रश्नाला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो पाच सेकंद. तो विचारायला हवा होता ही जबाबदारी डॉक्टरची होती, तुमची नाही. हे मी आमच्या बाजूने कबूल करतो.

आता तोडण्याबद्दल. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटींचं रेकॉर्डिंग ऐकलं. पेशंटने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मधे बोलले होते. आम्हाला भीती असते की पेशंटला बोलू दिलं तर तो थांबणारच नाही. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी ती भीती तपासून पाहिली. पेशंटला मधे तोडायचं नाही, तो आपणहून थांबेपर्यंत ऐकायचं. तर ३३५ पेशंटांची सरासरी भरली ९२ सेकंद. चारांतले तीन जण दोन मिनिटांच्या आत बोलून मोकळे झाले होते.

हे वाचल्यावर मी माझ्या दवाखान्यात करून पाहिलं. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं आणि पेन खाली ठेवायचं. पहिल्या दिवशी फार जड गेलं. जीभ शिवशिवते. पण एका बाईंनी पावणेदोन मिनिटांत मला पित्त, सुनेचं बाळंतपण, झोप न येणं आणि शेवटी "डाव्या हाताला मुंग्या" इतकं सगळं सांगितलं. पूर्वी मी पित्तावरच थांबलो असतो.

दुसरी गोष्ट प्रश्नाच्या शब्दांची. आपण पर्चा लिहिता लिहिता विचारतो, "अजून काही नाही ना?" यावर पेशंट "नाही" म्हणणार हे ठरलेलंच, कारण प्रश्नातच उत्तर बसलंय. २००७ मध्ये अमेरिकेत इंग्रजीतल्या अशाच दोन जवळजवळ सारख्या शब्दांची तुलना झाली. एक "नाही"कडे झुकणारा, एक "हो"कडे. नुसता तो एक शब्द बदलला तर पेशंटच्या मनात राहून गेलेल्या तक्रारी खूपच कमी झाल्या आणि भेटीचा वेळही वाढला नाही. मी आता मान वर करून विचारतो, "आणखी काय काय होतंय?" आई चपला घालताना म्हणाल्या ते खुर्चीवर बसलेल्या असताना बाहेर यायचं, तर एवढाच उपाय मला माहीत आहे.

सुदामानगर

डॉक्टरसाहेब, आदर ठेवून लिहितो. वाचायला छान वाटतं, पण बाहेर साठ माणसं बसलेली असतात. दीड-दीड मिनिट नुसतं ऐकलं तर त्यातच दीड तास गेला. तपासणार कधी? आणि पेशंटही काही सरळ नसतात. दहा वर्षांची फाइल पिशवीत कोंबून आणतात, आदल्या दिवशी मोबाइलवर वाचलेलं ऐकवतात आणि गोळ्या बंद केल्यात हे लपवतात. माझे मेहुणे डॉक्टर आहेत, त्यांचे हाल मी बघतो.

संध्याकाळचा दवाखाना

@सुदामानगर, तुमचं गणित बरोबर आहे, ते मी नाकारत नाही. २०१७ मध्ये बऱ्याच देशांतल्या भेटींच्या वेळेची तुलना प्रसिद्ध झाली होती. स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद आणि आपल्याकडे जेमतेम दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत दीड मिनिट ऐकायला कुठून आणायचं, हा प्रश्न खराच आहे.

पण वेळ कमी असला की पहिला बळी ऐकण्याचा जातो, आणि तो महाग पडतो. आपल्याच मध्य प्रदेशातल्या खेड्यांत एक अभ्यास झाला, २०१२ मध्ये छापून आला. गावातल्याच माणसांना शिकवून पेशंट म्हणून पाठवलं. कुणी छातीत दुखतंय म्हणून, कुणी दमा म्हणून, कुणी घरी मुलाला जुलाब होताहेत म्हणून. सरासरी भेट ३.६ मिनिटांची. जे प्रश्न विचारायलाच हवे आणि जे तपासायलाच हवं, त्यातलं जेमतेम एक तृतीयांश झालं. त्या उपचार करणाऱ्यांत बहुतेक जण पदवीविनाचे होते, हे सांगायला हवं. पण छातीत दुखणाऱ्याला "दुखणं हातात जातं का?" हे विचारायला वेळ किती लागतो?

आणि लपवण्याबद्दल. पेशंट लपवतो, कारण मागच्या वेळी खरं सांगितलं तेव्हा बोलणी बसली. "गोड खाता का?" म्हटलं की इंदुरात प्रत्येक मधुमेही "अजिबात नाही" म्हणतो. मी विचारतो, "रविवारी पोह्यांबरोबर जिलेबी किती होते?" लगेच उत्तर येतं, "दोनच, डॉक्टरसाहेब." मग त्यावर बोलता येतं.

दवाबाजारचा

माझं मेडिकलचं दुकान आहे. डॉक्टरांच्या खोलीत काय बोलणं झालं ते आम्हाला काउंटरवर कळतं, कारण जे समजलं नाही ते माणूस आम्हाला विचारतो. बरेचदा तेही विचारत नाही, मान हलवतो आणि पिशवी उचलतो.

एक सांगतोच. सांधेवाताला मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी कमी होतात, जीवावर बेततं. पर्च्यावर नीट लिहिलेलं असतं, डॉक्टरांनी सांगितलेलंही असतं. तरी एक मावशी दहा गोळ्या घेऊन गेल्या आणि पाचव्या दिवशी परत आल्या, "गोळ्या संपत आल्या, अजून द्या." माझ्या हातापायांतलं बळ गेलं. लगेच डॉक्टरांना फोन लावला. वेळेत कळलं म्हणून निभावलं.

तेव्हापासून "समजलं ना?" असं मी कुणालाही विचारत नाही. त्याला सगळेच "हो" म्हणतात. मी विचारतो, "मावशी, कोणत्या वारी घेणार?" त्यांनी "गुरुवारी" म्हटलं की मी पाकिटावर मोठ्या अक्षरात गुरुवार लिहितो. वार त्यांच्या तोंडून आला पाहिजे, माझ्या नाही.

तसंच थायरॉइडच्या गोळीचं. "उपाशीपोटी" सांगितलं की लोक चहा पिऊन घेतात. चहा म्हणजे खाणं नव्हे, हा आपला पक्का हिशोब. म्हणून मी विचारतो, "सकाळी उठल्यावर आधी काय पोटात जातं?"

अक्षराबद्दल सगळे बोलतात. २०१६ पासून नियमच आहे की औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. फरक पडलाय, छापील पर्चे वाढलेत. पण छापील पर्चा वाचता आला म्हणून समजला असं होत नाही.

लष्कर, ग्वाल्हेर

इथे ग्वाल्हेरातही हेच. मला भाषेचा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, तो कुणी उचलला नाही म्हणून लिहिते.

आमच्या काकूंना "चक्कर" येत होती. हिंदीत एकच शब्द आणि सून तोच सांगत होती. कानाचं औषध चालू होतं. काकू घरात मात्र कधीच चक्कर म्हणत नसत. त्या म्हणत, "भोवळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते." घर गरगर फिरणं निराळं आणि उभं राहिल्यावर अंधारी येणं निराळं. पहिलं बरेचदा कानाचं असतं, दुसरं रक्तदाबाचं किंवा हृदयाच्या ठोक्यांचं असू शकतं. मराठीत आपल्याकडे दोन्हींना वेगवेगळे शब्द आहेत आणि भाषांतर करताना आपण ते एका शब्दात कोंबतो. त्यांची नाडी फार मंद होती, पुढे पेसमेकर बसला.

आणि बायकांच्या दुखण्यांचं तर विचारूच नका. "अंगावरून जातंय" एवढंच बोलतात. पांढरं की लाल, हे डॉक्टरने विचारलं नाही तर सांगत नाहीत, मुलगा शेजारी बसला असेल तर विचारलं तरी सांगत नाहीत. पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या बाईच्या अंगावरून लाल जात असेल तर ती एक दिवसही थांबायची गोष्ट नाही. माझी मनापासून विनंती आहे, मुलांनो, आईला आत सोडा आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन बसा.

नारायणबागेची लेक

@लष्कर, १०० टक्के अनुमोदन. कळ, चमक, ठसठस, उसण, ठणका, हिंदीत हे सगळं "दर्द"!

पांढरा कोट, दुसरं वर्ष

मी एमबीबीएसला आहे. डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात २०१९ च्या बॅचपासून बोलणं, वागणं, नीतिमत्ता याचा वेगळा भाग देशभर आला आहे. आम्हाला तो आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला पहिल्या वर्षाच्या तीन विषयांची हिंदी पुस्तकंही निघाली. चांगलंच आहे. पण वॉर्डात झाबुआ-आलिराजपूरकडून भिली बोलणारा पेशंट येतो, त्याच्याबरोबरच्या एकालाच हिंदी येते, आणि आम्ही सगळे त्या एकाशीच बोलत राहतो. पेशंट आमच्या तोंडाकडे बघत असतो. काल एका आजोबांना मी फक्त "कुठे दुखतं ते बोटाने दाखवा" अशी खूण केली. त्यांनी तळहात सगळ्या छातीवर फिरवला आणि मूठ आवळून दाखवली. बोटाने एक जागा दाखवणं आणि मूठ आवळणं यात काय फरक ते सरांनी मग समजावलं: छातीवर अशी मूठ आवळली तर दुखणं हृदयाचं असू शकतं. ते कुठल्याही भाषेत सांगून कळलं नसतं.

रामबागकर काका, त्या रात्रपाळीच्या ताईंसारखं मला व्हायचंय.

सुदामानगर

माझं वरचं लिहिणं जरा एकतर्फी झालं. दवाबाजारवाल्यांची ती गुरुवारची गोष्ट रात्रभर डोक्यात होती. वडिलांची औषधं मीच डबीत भरून देतो. सकाळी त्यांना विचारलं, "ही पांढरी कशाची?" म्हणाले, "झोपेची." ती बीपीची आहे. झोप नीट लागली की ते ती घेत नाहीत. किती महिने चाललं होतं कोण जाणे.

संध्याकाळचा दवाखाना

@सुदामानगर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आता अचानक सगळ्या गोळ्या नेमाने चालू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना हे कळवा. बीपी वर दिसलं म्हणून मधल्या काळात डोस वाढवला असेल, तर पूर्ण गोळ्या पोटात गेल्यावर ते एकदम खाली येऊ शकतं.

आणि नातेवाइकांनी बोलूच नये असं कुणी समजू नका. विसरभोळेपणा सुरू झालेल्या माणसाचं तर घरच्यांशिवाय कळतच नाही. फक्त क्रम बदला. आधी पेशंट, मग तुम्ही. आणि तुम्ही सांगताना "आई असं म्हणते" आणि "मला असं दिसतं" हे वेगवेगळं सांगा. "कमज़ोरी" हा तुमचा निष्कर्ष होता, रामबागकर. "जिन्यात कठडा धरून उभी राहते" हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ते सांगितलं असतंत तर माझ्यासारख्याला दहापट उपयोगी पडलं असतं.

रामबागकर

सगळ्यांचे आभार. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत नाही, पण सगळं आईला वाचून दाखवलं. ग्वाल्हेरच्या ताईंचं वाचताना तिने दोनदा थांबवलं आणि परत वाचायला लावलं.

काल तिची दाखवायची तारीख होती. आदल्या रात्री तिला वहीचं पान आणि पेन दिलं. पाऊण तास लिहीत होती. चार ओळी. दम आता नाही, उशी एकच. पायांची सूज उतरली. लघवीला फार जावं लागतं, म्हणून देवळात जात नाही. सकाळी पलंगावरून उठताना भोवळ.

देवळाचं मला माहीतच नव्हतं. मी समजत होतो, थंडीमुळे जात नाही.

आत गेल्यावर मी खुर्ची भिंतीशी, मागे घेतली. डॉक्टर नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघून बोलायला लागले, मी आईकडे हात केला. तिने कागद वाचायला घेतला, मराठीतच. दोन ओळी त्यांना कळल्या. "भोवळ" कळलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडात "चक्कर" अगदी आलं होतं, गिळलं.

आई उठली. खुर्चीच्या पाठीला एक हात धरला, दुसरा कपाळावर आडवा नेला आणि हळूहळू डोळ्यांवर आणला, दिवा मालवत जावा तसा. मग म्हणाली, "ऐसा. घूमता नहीं, अंधेरा आता है."

डॉक्टरांनी तिला पलंगावर झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून पुन्हा घेतलं. उभं राहिल्यावर वरचा आकडा २८ने खाली आला. पाणी काढायची गोळी अर्धी केली. ती संध्याकाळऐवजी सकाळी आणि देवळातून परतल्यावर घेतली तरी चालेल का, हे आईनेच विचारलं. चालेल म्हणाले.